पहाटे चारला कुणाला दिसतं?

आमच्या घरी ओसरीच्या खांबापासून न्हाणीपर्यंत एक दोरी बांधलेली आहे. निळी, नायलॉनची, बैलांच्या कासऱ्याला वापरतात तसली. आज्जीची नजर पुरती गेली तेव्हा माझ्या वडिलांनी ती बांधली. पहिल्या दिवशी त्यांनी तिचा हात धरून दोरीवर ठेवला, तिला शेवटपर्यंत नेलं, परत आणलं. असं तीनदा केलं. मग म्हणाले, "बाई, आता तुझी तू जा." आणि ती गेली.

आमचं गाव जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. मी तेव्हा संभाजीनगरला एम.ए. करत होते आणि 'ओडिसी' वाचत होते. अर्थात इंग्रजीतून. त्यातल्या आठव्या सर्गात एक आंधळा गायक येतो. त्याचं नाव डेमोडोकस. राजाच्या मेजवानीत त्याला गायला बोलावलेलं असतं. राजाचा सेवक त्याला हाताला धरून आणतो, उंच खांबाला टेकवून ठेवलेल्या खुर्चीवर बसवतो, त्याचं वाद्य डोक्यावरच्या खुंटीला अडकवतो आणि हात वर करून ते कसं काढायचं हे त्याला दाखवतो. मग खाण्याची टोपली आणि पेला हाताशी ठेवतो.

मी ते वाचून पुस्तक मिटलं. अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या कवितेत आमच्या ओसरीवरचा खांब होता. आंधळ्या माणसाचा हात धरून त्याला वस्तूची जागा शिकवणं ही गोष्ट ज्यानं लिहिली, किंवा गायली, त्यानं ती कधीतरी अगदी जवळून अनुभवली असणार, असं मला वाटलं. तो स्वतःच आंधळा असेल का?

हा प्रश्न माझा एकटीचा नाही. लोक तो फार पूर्वीपासून विचारत आलेत.

* * *

होमर आंधळा होता, असं आपण शाळेत सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचलेलं असतं. पण ही माहिती येते कुठून? होमरच्या काळातला एकही दाखला नाही. त्याच्या नावावर असलेली दोन महाकाव्यं, सुमारे १५,७०० ओळींचं 'इलियड' आणि सुमारे १२,१०० ओळींचं 'ओडिसी', कवीबद्दल काहीच सांगत नाहीत. ग्रीक लोकांनी मग जे हाताशी होतं त्यातून कवीचं चरित्र उभं केलं.

हाताशी तीन गोष्टी होत्या. पहिली, अपोलो देवाचं एक जुनं स्तोत्र. त्यात गायक डेलॉस बेटावरच्या मुलींना सांगतो, की सगळ्यात गोड गाणारा कोण असं कुणी विचारलं तर कीऑस बेटावरच्या आंधळ्या माणसाचं नाव घ्या. थुसिडिडीससारख्या काटेकोर इतिहासकारानंही हे शब्द होमरचेच मानले. दुसरी गोष्ट म्हणजे डेमोडोकस. कवीनं स्वतःलाच कथेत बसवलं, असा लोकांनी अर्थ लावला. आणि तिसरी, 'होमर' या नावाची व्युत्पत्ती. ग्रीकांच्या एका बोलीत या शब्दाचा अर्थच आंधळा असा होतो, असं जुने चरित्रकार सांगत. दुसरे काहीजण त्याचा अर्थ 'ओलीस' असा लावत. थोडक्यात, पुरावा म्हणावा असं यात काही नाही.

उलट बाजूचे लोक म्हणतात, आंधळा माणूस असं लिहीलच कसा? 'इलियड'मध्ये भाला कुठून शिरला आणि कुठून बाहेर आला, हेसुद्धा दिसतं. रानातला वणवा, समुद्रावरचा फेस, मेंढरांवर झेपावणारा सिंह, सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. गंमत म्हणजे याच कवितेवरून नेमका उलटा तर्कही झाला. पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टननं १८५८ साली होमरवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात होमरचे रंगांचे शब्द फार तोकडे आहेत, हे दाखवून दिलं. ग्लॅडस्टनला त्यातून कवी आंधळा होता असं म्हणायचं नव्हतं. त्या काळच्या ग्रीकांचीच रंगांची जाण कच्ची होती, असं त्याला वाटत होतं. पण एकाच कवितेत एकाला फार जास्त दिसतं आणि दुसऱ्याला फार कमी दिसतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडत होता. होमर आंधळा होता की नव्हता, हे आता कळणार नाही. पण लिहिता-वाचता न येणाऱ्या, तोंडी रचना करणाऱ्या माणसाची नजर गेली, तर त्याच्या रचनेत नेमकं काय बदलतं? हे तपासायला मला ग्रीसला जायची गरज नव्हती. आज्जी ओसरीवर बसलेली होती आणि तिला जात्यावरच्या ओव्या येत होत्या.

* * *

आधी जगातली उदाहरणं पाहू, कारण त्यांच्यामुळे माझ्या डोक्यातला एक गैरसमज दूर झाला.

मिल्मन पॅरी नावाचा एक तरुण अमेरिकन अभ्यासक १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात फिरला. त्याचं म्हणणं असं होतं, की होमरच्या कवितेत तेच तेच शब्दसमूह पुन्हा पुन्हा येतात ते आळसामुळे नाही. अकिलीस बऱ्याचदा चपळ पायांचाच असतो, समुद्राला ठरलेली विशेषणं असतात, कारण तोंडी रचणाऱ्याला वृत्तात बसणारे तयार तुकडे लागतात. गवंड्याला जशा विटा लागतात, तसे. हे सिद्ध करायला त्यानं त्या देशातल्या जिवंत गायकांची गाणी रेकॉर्ड केली. त्याला भेटलेला सगळ्यात थोर गायक म्हणजे अवदो मेजेदोविच. या माणसाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्यानं १२,००० ओळींहून मोठं एक काव्य सांगितलं. म्हणजे जवळजवळ 'ओडिसी'एवढं. अवदो धंद्यानं खाटीक होता, आणि त्याचे डोळे शाबूत होते.

म्हणजे एवढी स्मरणशक्ती असायला आंधळं असावं लागत नाही. तरीही जगभर आंधळे गायक दिसतात. सर्बियात फिलिप विश्निच होता. लहानपणी देवीच्या रोगात त्याचे डोळे गेले. १८१५ साली वूक कराजिच या संग्राहकानं त्याची गाणी उतरवून घेतली. जपानमध्ये बिवा हे तंतुवाद्य वाजवून 'हेइके'ची युद्धकथा गाणाऱ्या आंधळ्या गायकांची एक मोठी संघटनाच होती. त्यांच्यातल्या काकुइचीनं १३७१ साली आपली संपूर्ण कथा सांगून लिहून घेतली. आज तीच प्रत प्रमाण मानली जाते.

एवढे आंधळे गायक कुठून आले? देवानं डोळे घेतले आणि बदल्यात गळा दिला, हे उत्तर ऐकायला छान वाटतं. 'ओडिसी'तही डेमोडोकसबद्दल हेच सांगितलंय. पण साधं उत्तर पोटापाण्याचं आहे. ज्या गावात प्रत्येकाला नांगरायचं, लढायचं किंवा गुरं राखायची आहेत, तिथं न दिसणाऱ्या माणसाला करता येण्याजोगी कामं किती? गाणं हे त्यातलं एक. आंधळेपण माणसाला कवी करत नाही. समाज त्याच्यासाठी एवढी एकच जागा मोकळी ठेवतो, आणि तिथं एखादा विश्निच निघतो. बाकीचे किती नुसते भीक मागत राहिले, त्यांची नावं कुणी उतरवून घेतली नाहीत.

आपल्याकडे एकनाथांनी आंधळ्यावर भारूड रचलं. पांगळा, मुका, बहिरा यांच्यावरही रचलं. त्यांचं पैठण आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात. भारुडातला आंधळा अर्थातच रूपक आहे, अज्ञानानं आंधळा झालेला जीव. पण रूपक लोकांना चटकन समजावं, तर मूळ चित्र ओळखीचं असावं लागतं. रस्त्यानं गात, मागत जाणारा आंधळा त्या लोकांनी रोज पाहिलेला असणार.

* * *

इथं माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ग्रीकांच्या कथेत आंधळा असतो गायक. आपल्या सगळ्यात मोठ्या कथेत आंधळा आहे ऐकणारा.

धृतराष्ट्र. युद्धाआधी व्यास त्याला दृष्टी देऊ करतात. तो नको म्हणतो. आपल्याच माणसांची कत्तल बघायची नाही, पण काय झालं ते ऐकायचं आहे. मग ती दिव्यदृष्टी संजयला मिळते. आपण समजतो की संजय शेजारी बसून क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखं थेट वर्णन करत होता. मूळ महाभारतात तो दहा दिवसांनी रणांगणावरून येतो आणि थेट सांगतो, भीष्म पडले. त्यानंतर राजा विचारतो आणि संजय पहिल्यापासून सगळं सांगतो. गीता त्याच सांगण्यात येते. गीतेची सुरुवातच एका आंधळ्या माणसाच्या प्रश्नानं होते, आणि म्हणून 'ज्ञानेश्वरी'च्या निरूपणाचीही.

ऐकणारा आंधळा असला की सांगणाऱ्यावर एक जबाबदारी येते. 'ते बघा' म्हणून भागत नाही. कोण कुठं उभा आहे, कुणाच्या रथावर कसलं निशाण आहे, शंख कुणी फुंकला आणि त्या शंखाचं नाव काय, हे सगळं शब्दांत आणावं लागतं. मग मला वाटलं, होमरचं ते डोळ्यांपुढे उभं राहणारं वर्णन कवीच्या डोळ्यांवरून जोखण्यात काय अर्थ आहे? कवीला दिसत असो वा नसो, ट्रॉयचं युद्ध त्याच्या श्रोत्यांपैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. त्या युद्धापुढे सगळेच आंधळे. 'इलियड'चा कवी जहाजांची यादी सुरू करण्याआधी विद्येच्या देवतांना हेच म्हणतो, की तुम्ही तिथं होतात, तुम्हाला ठाऊक आहे. आम्हाला फक्त ऐकीव माहिती. संजयला जे वरदान मिळालं, तेच हा कवी मागतो आहे.

आंधळ्या ऐकणाराची दुसरी गोष्ट तर आमच्याच तालुक्यातली. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली जांबचा. बोहल्यावरून पळालेला नारायण बारा वर्षं टाकळीला राहिला, बारा वर्षं देश हिंडला आणि मग एक दिवस घरी परतला, अशी परंपरेतली कथा आहे. तोवर रडून रडून आई राणूबाईचे डोळे गेले होते. दारात गोसावी आलाय असं समजून तिनं सुनेला भिक्षा घालायला सांगितलं. गोसावी म्हणाला, हा भिक्षा घेऊन जाणारा नव्हे. आवाजावरून आईनं ओळखलं. मग त्यानं तिच्या डोळ्यांवरून हात फिरवला आणि तिला दिसू लागलं. आमच्याकडे रामनवमीच्या दिवसांत ही कथा कीर्तनात ऐकलेलं नाही असं माणूस सापडणार नाही. आज्जीनंही ती ऐकलेली. तिचं लक्ष चमत्कारावर नसे. ती म्हणायची, "चोवीस वर्सांनी आवाज वळखला बघ माउलीनं."

रामदासांबद्दल मला आवडणारी खरी गोष्ट चमत्काराची नाही. 'दासबोध' हा २० दशकांचा, २०० समासांचा ग्रंथ त्यांनी तोंडी सांगितला आणि शिष्य कल्याणानं लिहून घेतला, असं परंपरा सांगते. म्हणजे मोठ्या आवाजात रचलेला ग्रंथ. त्यातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसं काढावं यावर आहे. शाई, बोरू, ओळींमधलं अंतर, सगळं त्यात येतं. आणि त्यातच एक सल्ला आहे, की तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही. मध्यम आकाराचं लिहावं. त्याचा आणि आईच्या डोळ्यांचा संबंध जोडायचा मोह मला होतो. जोडत नाही, कारण तसं कुठं लिहिलेलं नाही. पण डोळे जातात हे धरून पुस्तक तयार करणारा माणूस आमच्या जांबचा होता, एवढं तर म्हणता येतं.

* * *

मराठीत खरोखरचा आंधळा ग्रंथकार हवा असेल, तर जालन्याहून पूर्वेला, अमरावतीकडे जावं लागतं. गुलाबराव महाराज. जन्म १८८१, मृत्यू १९१५. आयुष्य अवघं चौतीस वर्षांचं. वर्षाचे होण्याआधीच त्यांची दृष्टी गेली. शेतकरी घरातलं पोर. आई लहानपणीच वारली. आणि या माणसाच्या नावावर १३० हून अधिक ग्रंथ आहेत, मराठीत, हिंदीत, संस्कृतात. वेदान्तावर आहेत, संगीतावर आहेत, डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचं खंडन आहे, अभंग आहेत, पदं आहेत, बायकांनी म्हणायची गाणीही आहेत. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि कृष्णाची पत्नी मानत. त्यांनी स्वतःची एक भाषाही तयार केली होती, नाव 'नावंग'.

लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. ज्याची बुद्धी हेच डोळे, असा. या शब्दात आदर आहे, पण तो एक गोष्ट झाकूनही टाकतो. गुलाबराव महाराजांचं काम कसं चालायचं? कुणीतरी पुस्तक वाचून दाखवायचं, ते ऐकायचे. ते सांगायचे, कुणीतरी उतरवून घ्यायचं. म्हणजे त्या १३० ग्रंथांच्या मागं वाचणारे गळे आहेत आणि लिहिणारे हात आहेत. पाऊस असो, झोप येत असो, सांगणाऱ्याचा वेग जास्त असो, कुणीतरी बोरू घेऊन बसलेलं होतं. ज्ञानेश्वरांजवळ सच्चिदानंदबाबा होते, रामदासांजवळ कल्याण. मिल्टननं तर 'पॅरडाइज लॉस्ट' डोळे गेल्यावर असंच सांगून लिहवलं, ते १६६७ साली छापलं गेलं.

आंधळ्या कवीची प्रतिमा एकट्या माणसाची असते. प्रत्यक्षात, ज्याच्याजवळ हात धरणारं कुणी होतं त्याचंच काव्य आपल्यापर्यंत आलं. डेमोडोकसला वाद्याची खुंटी दाखवणारा सेवक ही म्हणून फालतू तपशिलाची गोष्ट नाही. तो नसता तर गाणंच झालं नसतं.

* * *

आता आज्जीची गोष्ट सांगते.

तिची नजर काचबिंदूनं गेली. आधी बाजूचं दिसेनासं झालं. ती दाराच्या चौकटीला धडकायची, आम्ही हसायचो. एका शिबिरात सांगितलं, मोतीबिंदू आहे, पिकू द्या, मग बघू. आम्ही दोन वर्षं पिकायची वाट बघितली. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूत डोळ्याची शीर मरते, आणि मेलेली शीर परत येत नाही. औषधानं उरलेली नजर राखता येते फक्त. शेवटी कुणीतरी नीट तपासलं, तेव्हा राखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी गावी अडकले आणि तिच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड करायला लागले. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात, हे मला माहीत होतं. आपणही थोडं करू, असं वाटलं. खरं सांगायचं तर मनात एक निबंध तयार होत होता. विषय, अंधत्वाचा मौखिक रचनेवर परिणाम. पहिल्या चाळीस ओव्या लिहून काढल्या आणि मी खूश झाले. रंगाचे शब्द जेमतेम तीनदा. आवाज मात्र भरपूर, बांगड्यांचे, बैलांच्या घुंगरांचे, दारातल्या चपलांचे. पावसाचा वास. भावाच्या हाताचा खरबरीतपणा. आंधळ्या गायिकेचं जग कानांनी आणि हातांनी बांधलेलं असतं, हे माझ्यासमोर सिद्धच होत होतं.

मी आज्जीला मोठ्या उत्साहानं हे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"ह्या माझ्या नाहीत गं पोरी," ती म्हणाली. "माझ्या मायच्या हायेत. आन् मायला तर मरूस्तोवर सुईत दोरा ववता यायचा."

"मग यांत रंग का नाहीत? दिसण्याचं काहीच का नाही?"

"जातं कवा वढायचं? पहाटे चारला. रॉकेल कुठं होतं जाळाया? पहाटे चारला कुणाला दिसतं?"

माझा निबंध तिथंच संपला.

जी रचना मी एका आंधळ्या बाईची समजत होते, ती डोळस बायकांनी अंधारात केलेली होती. दोघी समोरासमोर, एका खुंट्यावर दोघींचे हात, मधे जात्याची घरघर, आणि दिवा नाही. समोरच्या बाईचा चेहराही दिसत नाही. कदाचित म्हणूनच नवऱ्याचं, सासूचं, मेलेल्या लेकराचं असं काहीबाही ओवीत बोलता यायचं, जे उजेडात एकमेकींच्या तोंडाकडे बघून बोलता आलं नसतं. अंधार ही त्या बायकांची जागा होती. गावात पिठाची गिरणी आली आणि पहाटेचं दळण थांबलं, तेव्हा कष्ट वाचले. त्यात रडण्यासारखं काही नाही, आज्जी तरी कधी रडली नाही. पण ती जागाही गेली.

* * *

मग आज्जीच्या नजर जाण्यानं काहीच बदललं नाही का? बदललं. पण मी शोधत होते तिथं नाही.

मी रेकॉर्डिंग स्वच्छ यावं म्हणून गप्प बसायचे. श्वाससुद्धा जपून घ्यायचे. आज्जी दोन ओव्या म्हणायची आणि थांबायची. "हायेस का?" मी म्हणायचे, हो आहे, म्हण. पुन्हा दोन ओव्या, पुन्हा थांबणं. मला वाटलं, ती विसरायला लागली आहे. मग एकदा शेजारच्या काकू येऊन बसल्या. त्या प्रत्येक ओवीला "हं... व्हय माय" म्हणत होत्या, आणि आज्जी अर्धा तास न थांबता गायली.

हुंकारा. कथा सांगणाऱ्याला ऐकणाऱ्यानं हुंकारा द्यायचा असतो, हे आपल्याकडे लहान पोरांनाही शिकवतात. दिसणाऱ्या गायकाला समोरचा उठून गेला तर कळतं. न दिसणाऱ्याला हुंकारा हाच एक पुरावा असतो की समोर कुणी आहे. डेमोडोकस ट्रॉयचं गाणं गातो, तेव्हा ऐकणाऱ्यांत स्वतः ओडिसियस बसलेला असतो. गाण्यातलं दुःख त्याचंच आहे. तो अंगावरचं वस्त्र तोंडावर ओढून रडतो. गायकाला ते दिसत नाही. शेजारी बसलेल्या राजाला दिसतं, आणि दुसऱ्यांदा तसं झाल्यावर तो गाणं थांबवायला सांगतो. ज्याच्या आयुष्याचं गाणं केलं तो माणूस समोर बसून रडतोय, हे गायकाला दुसऱ्यानं सांगावं लागतं. हा प्रसंग रचणाऱ्याला आंधळ्या गायकाची अडचण नेमकी ठाऊक होती, एवढं मला आज्जीमुळे कळलं. तो स्वतः आंधळा होता म्हणून ठाऊक असेल, किंवा त्याच्याकडेही कुणी ओसरीवर बसलेलं असेल.

आणखी एक. पूर्वी आज्जी काम करता करता कुठलीही ओवी कुठूनही म्हणायची. नजर गेल्यावर ती क्रमानं गायला लागली. आमच्या गावापासून पंढरपूरपर्यंतच्या वाटेवरची गावं एकामागून एक येणाऱ्या ओव्या तिला येत होत्या. मधे कुणी बोललं की ती पहिल्या गावापासून पुन्हा निघायची. मला आधी कंटाळा यायचा. मग एक दिवस ती न्हाणीकडून परत येत होती, दोरी धरून, आणि वाटेत सायकल आडवी आली. ती बाजूनं गेली नाही. खांबापाशी परत आली आणि पुन्हा पहिल्यापासून निघाली. ओव्यांचं तिचं तसंच होतं. 'इलियड'मधली जहाजांची कंटाळवाणी यादी, जी विद्यार्थी सर्रास गाळतात, तीही ग्रीसच्या भूगोलाच्या क्रमानंच जाते, एका प्रदेशातून शेजारच्या प्रदेशात. आता मी ती गाळत नाही. कुणीतरी दोरी धरून चाललंय, असं वाटतं.

डेमोडोकसची गोष्ट मी आज्जीला सांगितली होती. देवीचा त्याच्यावर फार जीव होता, म्हणून तिनं त्याचे डोळे घेतले आणि गोड गळा दिला. आज्जीनं विचारलं, "इच्यारून घेतले व्हय?"

"नाही. विचारलं असं काही लिहिलेलं नाही."

"मग लुबाडलंच की त्येला," ती म्हणाली आणि सुपारी शोधायला कमरेचा बटवा चाचपू लागली.

आज्जीला जाऊन आता दोन वर्षं होतील. माझ्याकडे तिच्या १३७ ओव्या आहेत. त्यांतल्या पहिल्या चाळीसएक ओव्यांत तिचा आवाज एकदम स्वच्छ आहे, आणि दर दोन ओव्यांनंतर ती विचारते, हायेस का. पुढच्या सगळ्यांत माझं "हं" मधे मधे येतं, कुत्री भुंकतात, काकू बोलतात, कुकरची शिट्टी होते. अभ्यासाच्या दृष्टीनं ही रेकॉर्डिंग खराबच म्हणायची. पण ती पूर्ण आहेत.

दोरी अजून तिथंच आहे. आई तिच्यावर टॉवेल वाळत घालते.